पेशींच्या वाढीला लगाम घालणारे संशोधक : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा परिसर श्री पार्थसारथी मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या जिभेवर या नावाचे ‘ट्रिप्लिकेन’ झाले आणि सरकारी दप्तरात तेच रूढ झाले. याच वस्तीतील बिग स्ट्रीटवरच्या हिंदू हायस्कूलमध्ये नोबेल पारितोषिक विजेते खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर शिकले, हे अनेकांना ठाऊक असते. त्यांच्या काही वर्षे आधी याच शाळेतून, तिसऱ्या प्रयत्नात, मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. कर्करोगाच्या पेशी कशाच्या बळावर वाढतात आणि ती वाढ कशी रोखता येईल, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी ज्यांचे काम आहे, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हेच ते विद्यार्थी होत.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे झाला. त्या वेळी हा प्रदेश मद्रास इलाख्यात होता. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. परंतु दृष्टी अधू झाल्याने त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले आणि घरात ओढगस्त सुरू झाली. अभ्यासात मुलाचे लक्ष नव्हते. बाराएक वर्षांचा असताना काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि पैसे मिळवावेत, या विचाराने तो घरातून पळाला होता. आईने त्याला परत आणले. राजमहेंद्री येथील शिक्षण अपयशात संपल्यावर तो मद्रासला आला आणि तिरुवल्लिकेणीच्या शाळेने त्याला मार्गी लावले. पुढे समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिक्षण घेताना संन्यास घेऊन रामकृष्ण मठात जाण्याची ओढ त्याला लागली. पण आईने संमती दिली नाही. रुग्णसेवाही करता येईल, म्हणून त्याने मद्रास मेडिकल कॉलेजचा रस्ता धरला.

१९१९ मध्ये त्यांचा विवाह कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांच्या कन्या शेषगिरी यांच्याशी झाला. वैद्यकीय शिक्षणाचा बराचसा भार सासऱ्यांनी आणि मित्रांनी उचलला होता. याच काळात सुब्बाराव यांचे दोन भाऊ अवघ्या आठ दिवसांच्या अंतराने संग्रहणीने दगावले. उष्ण प्रदेशातील या विकारात आतड्यांतून अन्न शोषले जात नाही, रक्त कमी होते आणि रुग्ण झिजत जातो. त्या वेळी त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. पुढे स्वतः सुब्बाराव यांनाही या विकाराने गाठले. आयुर्वेदाचे पुरस्कर्ते डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी ते बरे झाले आणि त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

तेथे जाण्यामागे आणखी एक कारण होते. असहकाराच्या त्या दिवसांत सुब्बाराव शस्त्रक्रियागृहात खादीचा अंगरखा घालून जात. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही सुब्बाराव यांच्या पदरात एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी पडली. मद्रास वैद्यकीय सेवेची दारे त्यामुळे बंद झाली. एका अंगरख्यापायी इलाख्याने काय गमावले, हे कळायला पुढे पंचवीस वर्षे लागली.

काकीनाडा येथील एका धर्मादाय निधीचे पाठबळ आणि सासऱ्यांनी जमवलेली रक्कम घेऊन सुब्बाराव ऑक्टोबर १९२२ मध्ये बोस्टनला पोहोचले. पत्नी मायदेशीच होती. दोन-तीन वर्षांत परतण्याचा विचार होता. हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधीय रोगांची पदविका घेत असताना पोट भरण्यासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळी केली. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे हे त्यातील एक काम होते.

पदविकेनंतर ते सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. रक्तातील आणि मूत्रातील फॉस्फरस, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत स्फुरद, अचूक मोजण्याची रीत या दोघांनी शोधली. द्रावणाला येणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण ठरवण्याची ही पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने जीवरसायनशास्त्राच्या पिढ्यान् पिढ्या ती शिकल्या आहेत. मोजमापाचे हे साधन हाती आल्यावर त्यांनी स्नायूंकडे लक्ष वळवले. १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हा पदार्थ त्यांनी वेगळा केला. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनाही एटीपी सापडला होता. स्नायूंना लॅक्टिक आम्लापासून बळ मिळते, या तत्कालीन मान्यताप्राप्त सिद्धान्ताला या शोधांनी धक्का दिला.

एटीपीचे महत्त्व केवळ स्नायूंपुरते नव्हते, हे फार नंतर उमगले. पेशीला वाढण्याचा संदेश बाहेरून मिळतो. पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनापासून केंद्रकापर्यंत तो पोहोचवण्याच्या कामी कायनेज नावाची विकरे येतात. एका प्रथिनाला फॉस्फेटचा अंश जोडला की ते जागे होते, ते पुढच्याला जागे करते, अशी ही साखळी असते. आणि हा फॉस्फेट येतो तो एटीपीतून. निरोगी पेशीत काम झाल्यावर साखळी थांबते. अनेक प्रकारच्या कर्करोगांत ती थांबतच नाही आणि पेशी दुभंगत राहते. एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध, कायनेजमधील ज्या खाचेत एटीपी बसतो तीच खाच अडवते. १९२९ मध्ये यातले काहीच कोणाच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते. सुब्बाराव यांच्याही नाही.

हार्वर्डने १९३० मध्ये त्यांना पीएचडी दिली, कायम पद मात्र दिले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कनजीक पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. कंपनीतील ही आठ वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरली. यकृताच्या अर्कात रक्तवाढीस उपयुक्त असे एक जीवनसत्त्व अल्प प्रमाणात असते, हे ज्ञात होते. फॉलिक आम्ल या नावाच्या या जीवनसत्त्वाची रचना उलगडून ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात सुब्बाराव यांच्या चमूला १९४५ मध्ये यश आले. लवकरच ते संग्रहणीवर गुणकारी ठरले. ज्या विकाराने दोन भाऊ नेले होते, तोच हा विकार.

बोस्टनच्या बाल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्तकर्करोगाच्या बालरुग्णांना फॉलिक आम्लाची संयुगे देऊन पाहिली, तेव्हा उलटेच घडले. रोगट पेशींची वाढ अधिक वेगाने होत असल्याचे त्यांना दिसले. प्रयोग फसला, पण त्यातूनच दिशा मिळाली. ज्या अन्नावर या पेशी पोसतात, ते तोडले तर? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्लासारखीच दिसणारी, परंतु त्याचे काम न करणारी संयुगे बनवली. मूळ रेणूतील एका ठिकाणचा अणुगट बदलून तयार झालेले अ‍ॅमिनोप्टेरिन हे त्यांपैकी सर्वांत प्रभावी ठरले. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. अ‍ॅमिनोप्टेरिन हे खोटे नाणे विकराच्या जागेत जाऊन अडकते आणि खऱ्याला जागा उरत नाही. हे नेमके कसे घडते, याचा उलगडा १९५०च्या दशकात झाला; औषध आधी आले.

डिसेंबर १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी त्याचा वापर सुरू केला. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार १६ पैकी १० मुलांना गुण आला होता. ही सुधारणा तात्पुरती होती, आजार पुन्हा उलटत असे. तरीही काही आठवड्यांचे आयुष्य उरलेली मुले उठून चालू लागली होती, आणि या रोगात असे पूर्वी घडलेले नव्हते.

या निबंधानंतर दोन महिन्यांतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे झोपेतच हृदयविकाराने निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. बोस्टनला गेल्यापासून ते एकदाही भारतात परतले नाहीत. अमेरिकेचे नागरिकही ते अखेरपर्यंत झाले नाहीत. १९२२ मध्ये निरोप घेतलेल्या पत्नीची पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या कीर्तीची बेरीज करताना शेषगिरी यांची ही सव्वीस वर्षे सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

लेडर्लेतील त्यांच्या कारकिर्दीतून हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामेझिन हे औषधही निघाले. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी खाऊ घातल्या जाणाऱ्या गोळ्यांत त्याचा समावेश असतो. गोळी देणाऱ्या आरोग्यसेविकेला सुब्बाराव हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

अ‍ॅमिनोप्टेरिनपेक्षा सुसह्य ठरलेले मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातील औषध मात्र टिकून राहिले. १९५६ मध्ये अमेरिकेत कोरिओकार्सिनोमा या स्त्रियांमधील गर्भनाळेच्या कर्करोगावर त्याने मात केली. संधिवातासाठी ते जगभर दिले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनवरील रुग्णांचे मध्यमान आयुर्मान ६.१ महिने होते, तर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकोक्सिब यांच्या स्वस्त गोळ्या घरी घेणाऱ्या रुग्णांचे ७.५ महिने.