तोफा वितळवून नांगर ओतणारे लक्ष्मणराव

चोर्ला घाटाने बेळगावच्या बाजाराला जाणाऱ्या गोमंतकीयांना तिथला किर्लोस्कर रोड अनोळखी नाही. संगीत नाटकाच्या चाहत्याला हे नाव वाचताच आठवतात ते अण्णासाहेब किर्लोस्कर, आणि ते साहजिकच आहे. पण अण्णासाहेबांच्या त्याच गुर्लहोसूर गावात, त्याच घराण्यात, २० जून १८६९ रोजी आणखी एक मूल जन्माला आले. रंगभूमीच्या जागी त्याला यंत्रशाळेचे वेड लागले. लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर हे त्याचे नाव.

जुन्या ड्रिल, लेथ आणि त्यांची जोडसाधने शोधून ती पुन्हा चालती करण्याचा छंद हल्ली आपल्याकडेही रुजतो आहे. भंगारात गेलेले यंत्र घरी आणायचे, रॉकेलमध्ये भिजवून त्याचा गंज सैल करायचा, झिजलेले बुश बदलायचे, चक पकड घेतो की नाही आणि स्पिंडल डगमगत नाही ना, हे पाहायचे. या हौसेला लागतो तो स्वभाव लक्ष्मणरावांच्या ठायी भरपूर होता. यंत्र खोलल्याशिवाय ते कळत नाही, आणि ते आपल्याच हातांनी खोलायचे असते, या एका गोष्टीवर त्यांचे सारे आयुष्य उभे राहिले.

शाळेत मात्र ते रमले नाहीत. चित्रकला आणि यंत्रे या दोन गोष्टींपलीकडे त्यांचे लक्ष लागेना. वेदान्ताचा व्यासंग असलेल्या वडिलांना हे रुचणारे नव्हते. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीने हा निकालच होता. त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाहीत, मोजमाप लागते. ते शिकून घेऊन पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते तोच विषय शिकवू लागले.

शिक्षकाची नोकरी सांभाळून उरलेला वेळ ते संस्थेच्या कार्यशाळेत घालवीत. यंत्रे चालवणे, त्यांची निगा राखणे, बिघडली तर दुरुस्त करणे हे सारे ते तिथे हाताने शिकले. त्या काळच्या कार्यशाळेचे रूप आज डोळ्यांसमोर आणणे थोडे कठीण आहे. प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. छताखालून एक लांब दांडा फिरत असे, त्याला एकच इंजिन गती देई आणि चामडी पट्ट्यांनी ती गती लेथला, ड्रिलला, सहाणयंत्राला पोहोचे. ड्रिलच्या पुलीला पायऱ्या असत. मोठे भोक पाडायचे तर पट्टा मोठ्या पुलीवर सरकवून वेग उतरवायचा, बारीक भोकासाठी वेग चढवायचा. या पायऱ्या, टेबलावरचा शिकंजा, निमुळते सॉकेट ही त्या यंत्राची खरी दौलत. जुने ड्रिल विकत घेताना जाणकार आधी हीच पाहतो, कारण यंत्राचा सांगाडा मिळतो, जोडसाधने मिळत नाहीत.

जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात १८९५ मध्ये हातात धरून वापरायचे विजेचे ड्रिल तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेले ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने आणायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली. दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांना मात्र विजेची वाट अजून बरीच पाहायची होती. लक्ष्मणरावांचे सारे शिक्षण पट्ट्याच्या आणि दांड्याच्या युगातले.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा गोऱ्या वर्तुळातल्या उमेदवाराला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बेळगावात दोघा भावांचे सायकलीचे दुकान होतेच. १८८८ हे ‘किर्लोस्कर ब्रदर्स’च्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला त्या चालवायलाही शिकवायच्या, असा हा व्यवसाय. दुरुस्तीच्या दुकानातून छोटी यंत्रशाळा उभी राहिली, आणि कडबा कापण्याच्या यंत्रापाठोपाठ लोखंडी नांगर आला.

नांगराची कथा जितकी यंत्राची तितकीच माणसांच्या मनाची आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून असताना कारखानदाराने काय करावे? लक्ष्मणराव नांगरात सुधारणा करीत राहिले. लाकडी नांगर वरवर ओरखडतो. काळ्या जमिनीत खोलवर गेलेली हरळी आणि कुंदा उपटायचा तर लोखंडी फाळच हवा. ही काळी जमीन कृष्णाकाठी संपत नाही. वऱ्हाड-नागपूर ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशातील सौंसर आणि पांढुर्णा या मराठी बोलीच्या मुलुखापर्यंत ती पसरलेली आहे. कापूस आणि संत्र्यांच्या त्या भागातल्या शेतकऱ्यापुढेही खोल नांगरटीचा प्रश्न तोच होता.

आणि लोखंडी नांगर शेवटी येऊन थांबतो तो भोकांपाशी. फाळ झिजणार, तो शेतकऱ्याला बांधावरच बदलता आला पाहिजे. त्यासाठी नव्या फाळाची भोके जुन्या सांगाड्याच्या भोकांशी तंतोतंत जुळावी लागतात. म्हणून ड्रिलखाली जिग लावतात, म्हणजे प्रत्येक नगाला भोक त्याच जागी पडते. लोहाराच्या ऐरणीवरचा नांगर आणि कारखान्यातला नांगर यांत खरा फरक इथे आहे. जुन्या जिगा संग्राहकांच्या नजरेतून सहसा सुटतात. ओळख नसलेल्याला तो भोके पडलेला लोखंडाचा ठोकळा वाटतो.

बेळगावात बस्तान बसत असतानाच जागेचा प्रश्न उभा राहिला. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना हलवणे भाग पडले. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. स्वतः चित्रकार असलेल्या या संस्थानिकाने कर्जाची सोय केली आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे वारूळ. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

वाडी वसवताना बरोबर आलेली माणसे पदव्यांची नव्हती. हिशेब, विक्री, बांधणी यांतले काम ज्याला जमते त्याला ते द्यायचे, असा लक्ष्मणरावांचा परिपाठ. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी नेमले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. त्या काळातल्या गावगाड्यात ही धिटाई नांगर खपवण्याहून मोठी होती.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कच्चे लोखंड मिळेनासे झाले. परदेशी अवजारांची आयात आटल्यामुळे मागणी वाढलेली, आणि भट्टीत घालायला धातू नाही. लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांकडे धाव घेतली. संस्थानात पडून असलेल्या जुन्या तोफा महाराजांनी दिल्या. तोफ भट्टीच्या तोंडातून आत जात नाही, ती आधी फोडावी लागते. फोडलेल्या तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

आजच्या संग्राहकाला हा प्रसंग ऐकून चुटपुट लागेल, आणि ती समजण्यासारखी आहे. त्या तोफांवर काय कोरलेले होते, त्या कोणी ओतल्या होत्या, हे सारे भट्टीत गेले. पण त्या तोफा नुसत्याच गंजत पडल्या होत्या, आणि दुसरीकडे भट्टी थंड पडून कामगारांचा रोजगार जाण्याची वेळ आली होती. जपायचे काय आणि वितळवायचे काय, हा प्रश्न लक्ष्मणरावांपुढे संग्रहालयात बसून आला नव्हता. त्यांनी दिलेले उत्तर रास्त वाटते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले. नांगरामागून पंप आले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून अभियंता होऊन परतले आणि कारखान्याचा व्याप वाढला. १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात तेल-इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना सुरू झाला. छताखालच्या एका दांड्यावर यंत्रे शिकलेल्या माणसाच्या हयातीतच यंत्रागणिक मोटर बसवण्याची सोय त्याच्याच घराण्याने केली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला. तिथले लेथ मात्र अजून बाजारात हात बदलत असतात. विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट कातून देणाऱ्या छोट्या यंत्रशाळा सांगलीत आहेत, गोव्यात आहेत, पांढुर्णा-सौंसरसारख्या संत्र्याच्या मुलुखातही आहेत. अशा ठिकाणी एखादा जुना लेथ किंवा खांबाचे ड्रिल बदलायची वेळ येते तेव्हा भंगारवाला काटा घेऊन येतो आणि किलोचा भाव सांगतो. त्याच्याआधी एखादा हौशी पोहोचला, तर तो पट्टा उतरवतो, स्पिंडल हाताने फिरवून पाहतो, आणि कोपऱ्यातल्या खोक्यात सॉकेट आणि जिगा शिल्लक आहेत का ते विचारतो.