पडद्यामागच्या दुर्गाबाई

दुर्गाबाई खोटे म्हटले की ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु १९८८ साली दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील त्या साध्यासुध्या कारकुनाच्या संसारावर घरोघरी वडीलधाऱ्यांनी जीव लावला. त्या वेळी दुर्गाबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईतील सधन लाड घराण्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. लग्नानंतर मात्र सासरची श्रीमंती ओसरली. पदरी दोन लहान मुले. अशा वेळी १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील छोटीशी भूमिका त्यांनी स्वीकारली ती हौसेखातर नव्हे, तर संसारासाठी. कुलीन घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे तेव्हा समाजाला रुचणारे नव्हते. टीका झाली, पण दुर्गाबाई मागे फिरल्या नाहीत. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांनी तारामती साकारली आणि सुशिक्षित मुलींसाठी या क्षेत्राची वाट थोडी रुंद झाली. पुढे पुण्यात तयार झालेल्या ‘अमरज्योती’त (१९३६) त्यांनी अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी सौदामिनी उभी केली.

नटीला कंपनीने मासिक पगारावर बांधून ठेवण्याचा तो काळ होता. दुर्गाबाईंनी कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशा ठिकाणी निरनिराळ्या संस्थांत काम केले आणि आपले स्वातंत्र्य राखले. तिशीतच ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती करून त्यांनी व्यवहाराची बाजूही हाती घेतली. पुढे लघुपट, माहितीपट व जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था उभारली. वय वाढले की नटीच्या वाट्याला आईच्या भूमिका येतात. त्याही त्यांनी मनापासून केल्या. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळविले. पण उपजीविका केवळ चेहऱ्यावर अवलंबून ठेवली नाही. म्हणूनच दूरदर्शनचे नवे माध्यम आले, तेव्हा त्यांची संस्था त्यासाठी सज्ज होती.

रंगभूमीही त्यांनी गाजविली. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र लिहिले. १९६८ साली पद्मश्री व पुढे १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

इंदापूर, भिगवण, वालचंदनगरहून एस.टी.ने बारामतीला शिकायला येणाऱ्या आपल्या मैत्रिणींपैकी एखादीला नाटकात काम करावेसे वाटते, एखादीला कॅमेऱ्यामागे उभे राहावेसे वाटते. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आजही काही घरांच्या उंबरठ्यावर उभा असतो. दुर्गाबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी काम केले, कामाचा हिशेब शिकून घेतला आणि संस्था उभी केली. कलेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यापासून एवढे तरी घ्यावे की, कला टिकवायची तर तिच्या अर्थकारणाची किल्लीही आपल्याच कमरेला असावी.