पंडित जगन्नाथ सम्राट

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्यापुढे 'खत' हा शब्द उच्चारा. त्याला कपाशीला घालायचे खत आठवेल. तुमच्या उर्दू भूमितीत मात्र खत म्हणजे रेषा. शब्द एक, अर्थ दोन! म्हणून गणितात शब्दाचा नेमका अर्थ आधी ठरवतात. त्याला व्याख्या म्हणतात.

अशा शब्दांसाठी कष्ट घेणाऱ्या एका विद्वानाची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव जगन्नाथ सम्राट. ते राजे नव्हते. महाराष्ट्रीय पंडित होते. आंबेरचे राजे सवाई जयसिंग यांनी त्यांना आपल्या पदरी ठेवले. याच राजाने १७२७ साली जयपूर शहर वसवले आणि जयपूर, दिल्ली, उज्जैन येथे वेधशाळा बांधल्या.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने भूमितीचा मोठा ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी तो अरबीत नव्याने मांडला. हे ज्ञान संस्कृतात यावे, अशी जयसिंगांची इच्छा होती. जगन्नाथ वेदांचे जाणकार होते. परकी भाषा शिकण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. ते अरबी व फारसी शिकले आणि सुमारे १७२० साली त्यांनी 'रेखागणित' हा पंधरा अध्यायांचा संस्कृत ग्रंथ तयार केला. अरबीतील नुक्ता तेथे बिंदू झाला आणि खत रेखा झाली.

ज्याचे भाग पडत नाहीत तो बिंदू, अशा अर्थाची व्याख्या त्यात आहे. तुम्ही विचाराल, मग भाग म्हणजे काय? प्रश्न योग्यच आहे. एका शब्दाचा अर्थ सांगायला दुसरा शब्द लागतो, दुसऱ्याला तिसरा. कोठेतरी थांबावेच लागते. म्हणून १८९९ साली जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांनी बिंदू, रेषा आणि प्रतल यांच्या व्याख्या केल्याच नाहीत. त्यांचे परस्परसंबंध त्यांनी नियमांनी सांगितले. अशा मूळ शब्दांच्या आधारे पुढच्या व्याख्या करता येतात. दोन बिंदू आणि रेषेवरील त्यांच्यामधले सर्व बिंदू मिळून रेषाखंड होतो, तो असाच.

जगन्नाथांचा हा ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबईत छापला गेला.

मुलांनो, तुम्ही उर्दूत नुक्ता म्हणता, मराठीत बिंदू म्हणायला शिकता. या दोन शब्दांमधली वाट एका पंडिताने तीनशे वर्षांपूर्वी मेहनतीने चालून दाखवली आहे. नवी भाषा अवघड वाटेल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.