अक्षांश कसाऱ्याचा, थंडी मेक्सिकोची: गदर पार्टीचे खानखोजे मक्याचे शास्त्रज्ञ कसे झाले?

मुंबईच्या लोकलमध्ये बसून ईशान्येला निघालात की शेवटचं स्टेशन लागतं कसारा. पुढे थळ घाट आणि घाट चढला की इगतपुरी. आता नकाशा उघडा आणि कसारा-शहापूरच्या पट्ट्यातून पश्चिमेला एक सरळ रेघ ओढा. अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा, अटलांटिक असं करत ही रेघ पोचते मेक्सिकोत, राजधानी मेक्सिको सिटीच्या जवळ असलेल्या चापिंगो या गावात. दोन्ही ठिकाणं साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. दिवस-रात्रीची लांबी सारखी, सूर्याचा मार्गही सारखा.

पण शहापूर-मुरबाडमध्ये पिकतो भात आणि चापिंगोत पिकतो मका. शहापूरच्या शेतकऱ्याला भीती असते परतीच्या पावसाची, तर चापिंगोच्या शेतकऱ्याला भीती असते एका रात्रीत पीक जाळून टाकणाऱ्या थंडीची.

त्या थंडीत टिकेल असा मका शोधण्याच्या कामात एका मराठी माणसाने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं घालवली. इंग्रजांच्या लेखी तो फरारी क्रांतिकारक होता. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याचा मुलगा

खानखोजेंचा जन्म वर्ध्याचा, १८८० च्या दशकातला. ते लहानाचे मोठे होत होते तेव्हा मध्य प्रांतावर दुष्काळामागून दुष्काळ येत होते. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ आला. घरात १८५७ च्या उठावाच्या आठवणी होत्या. शाळकरी वयापासूनच त्यांच्या डोक्यात सशस्त्र क्रांतीचे विचार घोळायला लागले.

पुढे त्यांचा लोकमान्य टिळकांशी संबंध आला. परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घ्यावं, असा सल्ला त्यांना तिथूनच मिळाला. खानखोजे आधी जपानला गेले आणि तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले.

अमेरिकेत त्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकायला घेतल्या. एक म्हणजे बंदूक. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या टमालपाईस इथल्या लष्करी अकादमीत ते दाखल झाले. दुसरी म्हणजे शेती. ती शिकायला ते ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या महाविद्यालयात गेले.

हा सगळा भाग पंचेचाळीस अंश अक्षांशाच्या आसपासचा. लांबलचक हिवाळा आणि पिकासाठी मोजकेच महिने. पुलमनच्या भोवतीचा टेकड्यांचा प्रदेश तर गव्हासाठीच ओळखला जातो. वर्ध्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या मुलासाठी हे वेगळंच जग होतं. इथे पीक पाण्याच्या हिशोबाने तर घ्यावं लागतंच, पण हिम पडायच्या आधी ते तयार होईल का हाही हिशोब करावा लागतो.

गदर, इराण आणि परतीचे बंद झालेले दरवाजे

१९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पार्टी उभी राहिली. लाकडाच्या गिरण्यांमध्ये आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर हा या संघटनेचा कणा होता. सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाल यांच्यासारख्या नेत्यांबरोबर खानखोजे पहिल्यापासून या कामात होते. लष्करी तयारीची बाजू त्यांच्याकडे होती.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि खानखोजे इराणमार्गे भारताच्या सीमेकडे निघाले. दक्षिण इराणातल्या टोळ्यांना सोबत घेऊन त्यांनी इंग्रजांशी लढाई केली. ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. पण युद्ध इंग्रजांनी जिंकलं आणि हिंदुस्थानात परतायचे सगळे दरवाजे बंद झाले.

मग बर्लिन. तिथे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि इतर क्रांतिकारकांबरोबर काम. १९२१ मध्ये याच मंडळींबरोबर मॉस्कोची वारी. पण तिथेही हाती फारसं काही लागलं नाही.

खानखोजे आता चाळिशीच्या घरात होते. ज्या देशासाठी घर सोडलं तिथे जाता येत नव्हतं. बंदुकीचा मार्ग संपला होता. हातात उरली होती ती अमेरिकेत शिकलेली शेती.

मेक्सिकोच का?

१९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत पोचले. या देशाची निवड करण्यामागे कारण होतं. मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षं क्रांती धगधगत होती. तिचा मुख्य प्रश्न होता जमिनीचा. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून गावांना द्यायचा मार्ग मोकळा केला होता. शिवाय अमेरिकेत असताना ओळख झालेले रामोन दे नेग्री हे मेक्सिकन मुत्सद्दी आता सरकारात वजन राखून होते.

खानखोजेंना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायची नोकरी मिळाली. हे विद्यालयही एका जुन्या जमीनदारी वाड्यात थाटलेलं होतं.

एकच अक्षांश, मग थंडी कुठून आली?

चापिंगोची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण २,२५० मीटर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे कसाऱ्यापासून फार लांब नसलेलं कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सहाशे मीटर उंचावर सपाट शेतं पसरलेली आहेत, अशी कल्पना करा.

साधारण हजार मीटर वर गेलं की तापमान सहा अंशांच्या आसपास उतरतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे बातमी होते. चापिंगोच्या खोऱ्यात हिवाळ्यात हे नेहमीचंच.

मका मुळात उबेचं पीक. तापमान १० अंशांच्या खाली गेलं की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि हिम पडलं की हिरवी पानं करपतात. खोऱ्यात पाऊस सुरू होतो मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या आसपास हिमाची चाहूल लागते. या दोन तारखांच्या मध्ये पेरणी, वाढ, तुरा, कणीस आणि दाणा भरणं हे सगळं उरकावं लागतं. त्यात रात्री थंड असल्यामुळे तोच मका इथे खालच्या प्रदेशापेक्षा जास्त दिवस घेतो.

म्हणून समुद्रकाठचं कितीही जोमदार बियाणं आणून इथे पेरलं तरी उपयोग नाही. झाड उंच वाढेल, हिरवंगार दिसेल, पण दाणा भरायच्या आधीच हिम पडेल. घरात खायला मका नाही म्हणजे वर्षभराची भाकरीच गेली. मेक्सिकोत तॉर्तिया मक्याची, त्यामुळे चुकीचं वाण म्हणजे थेट उपासमार.

थंडीचं वाण निवडतात कसं?

या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांत स्वतःची वाणं तयार केली होती. निमुळत्या कणसाचा कोनिको मका हा त्यातलाच एक. त्याच्या खोडावरच्या पानांच्या आवरणाला लव असते आणि त्यात जांभळट रंग उतरतो. गडद रंग ऊन जास्त शोषतो, त्यामुळे थंडीत झाडाला थोडी जास्त ऊब मिळते. चाल्को भागातला चाल्केन्यो मका जास्त दिवस घेतो पण कणीस मोठं देतो. पाऊस लवकर आला तर चाल्केन्यो पेरायचा, उशीर झाला तर कोनिको, असा इथल्या शेतकऱ्यांचा हिशोब.

थंड प्रदेशासाठी वाण निवडताना फक्त मोठं कणीस पाहून चालत नाही. आधी पाहायचं ते झाड हिमाच्या आत पिकलं का. मग वाऱ्यात उभं राहिलं का, कणसावर बुरशी आली का. बांधाजवळच्या झाडाला मोकळी हवा आणि जास्त खत मिळतं, त्यामुळे त्याचं कणीस फसवं असतं. म्हणून बी घ्यायचं ते शेताच्या मधल्या झाडांचं, शेजाऱ्यांशी झगडून वाढलेल्या.

मक्याची आणखी एक अडचण आहे. त्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. शेजारच्या शेतात वेगळा मका असेल तर निवडलेलं वाण एका हंगामात भेसळतं. म्हणून प्रयोगाचं शेत लांब ठेवावं लागतं किंवा तुरा आणि कणसाला पिशव्या बांधून हाताने परागण करावं लागतं. एकच हंगाम नाही, वर्षानुवर्षं.

खानखोजेंनी काय केलं?

खानखोजेंनी चापिंगोत हेच किचकट काम हाती घेतलं. मका, गहू, कडधान्यं यांच्यावर त्यांचे प्रयोग चालले आणि हिम व दुष्काळ सोसणाऱ्या वाणांवर त्यांचा भर राहिला.

मक्याचा एक रानटी भाऊबंद आहे, तेओसिंते. चापिंगोच्या आसपास तो मक्याच्या शेतातच तण म्हणून उगवतो. दिसायला मक्यासारखा, पण कणीस बोटभर आणि दाणे दगडासारखे. शेतकरी ते उपटून टाकायचे. खानखोजेंनी मात्र त्याचा मक्याशी संकर करून पाहिला. माणसाने न जपताही जे रोप थंडी-दुष्काळात टिकतं, त्याचा चिवटपणा मक्यात आणता येतो का, हा यामागचा प्रश्न होता. ग्रानादा, म्हणजे डाळिंब, या नावाच्या मक्यावरही त्यांनी बराच अभ्यास केला. त्या काळात मेक्सिकोत राहणाऱ्या इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी खानखोजेंच्या मक्याचे फोटो काढले.

पण प्रयोगशाळेत तयार झालेलं बियाणं गावात पोचणार कसं? क्रांतीनंतर शेतकऱ्याला जमीन मिळाली होती, ती कसायला लागणारं नवं ज्ञान मात्र मिळालं नव्हतं. खानखोजेंनी गावोगाव मोफत शेतीशाळा सुरू करायच्या कामात पुढाकार घेतला. अशा तीसहून जास्त शाळा निघाल्या. त्यातल्या एका शाळेला शेतकरी नेता एमिलियानो झपाटा याचं नाव होतं.

चित्रकार दिएगो रिवेरा हे खानखोजेंचे स्नेही. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांनी १९२८ मध्ये एक चित्र काढलं. जेवणाच्या टेबलाभोवती कष्टकरी बसले आहेत आणि मधोमध बसलेला माणूस त्यांना भाकरी वाटतोय. तो माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे खानखोजे. हे भित्तिचित्र आजही तिथे आहे.

हरित क्रांती खानखोजेंची का?

सोशल मीडियावर कधीकधी खानखोजेंना थेट हरित क्रांतीचे जनक म्हटलं जातं. तसं म्हणता येत नाही. मेक्सिकोत रॉकफेलर फाउंडेशनचा मोठा कार्यक्रम १९४३ मध्ये सुरू झाला आणि १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तिथे आले. बुटक्या गव्हाची वाणं त्या कामातून निघाली. खानखोजेंचं काम त्याच्या आधीचं, कमी पैशांतलं आणि मुख्यतः लहान शेतकऱ्यासाठीचं. मेक्सिकोत शेतीसंशोधनाची जमीन तयार करणाऱ्यांपैकी ते एक होते, इतकं मात्र ठामपणे सांगता येतं.

घरी परतण्याची गोष्ट

१९३६ मध्ये खानखोजेंनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. त्यांना दोन मुली झाल्या. मेक्सिकोत संसार, नोकरी, मान सगळं होतं. पण भारतात यायची वाट बंदच होती.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. आता तरी मार्ग मोकळा होईल असं कुणालाही वाटेल. पण इंग्रजांनी घातलेली बंदी कागदावर तशीच राहिली होती आणि त्यामुळे स्वतंत्र भारताच्या सरकारनेही खानखोजेंना सुरुवातीला व्हिसा नाकारला. ज्या देशासाठी चाळीस वर्षं परदेशात काढली, त्याच देशाने दारात अडवलं. पुढे हा निर्णय बदलला. १९४९ मध्ये ते शेतीविषयक सल्ल्यासाठी मध्य प्रांतात आले आणि १९५० च्या दशकात नागपुरात कायमचे राहायला आले.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं जहाजांनी मागवलं. त्यातल्या वाणांनी पुढे पंजाबची शेती बदलली. तेव्हा मेक्सिकोच्या मातीत बियाण्यांसाठी खपलेला हा मराठी माणूस नागपुरात आयुष्याचे शेवटचे महिने काढत होता. २२ जानेवारी १९६७ ला खानखोजेंचं निधन झालं.

कसाऱ्यात याचा काय संबंध?

आता रेघेच्या या टोकाला परत येऊ. शहापूर-मुरबाडमधला शेतकरीही दर मे महिन्यात हाच निर्णय घेतो. इथे हिम नाही, पण पाऊस कधी जाणार हे गणित आहेच. माळावरच्या शेतात पाणी लवकर सरतं, तिथे हळवं भात, साधारण ११५ दिवसांच्या आत होणारं. खोलगट खाचरात पाणी उशिरापर्यंत टिकतं, तिथे १३५ दिवसांच्या पुढे जाणारं गरवं. मधल्या जमिनीला निमगरवं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. हळवं लवकर पिकलं तर परतीच्या पावसात आडवं होतं, गरव्याला शेवटचं पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोचट राहतात.

भातात एक सोय आहे. त्याचं परागण बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे चांगल्या लोंब्या निवडून घरचं बी वर्षानुवर्षं शुद्ध ठेवता येतं. मक्यात ते इतकं सोपं नाही.

पण नियम दोन्हीकडे एकच. दुकानात सगळ्यात जास्त उत्पन्नाचा दावा असलेली पिशवी आपल्या शेतासाठी सगळ्यात चांगली असेलच असं नाही. किती दिवसांचं वाण आहे, आपल्या जमिनीत पाणी किती दिवस टिकतं आणि हवा कधी उलटते, हे आधी पाहायचं. साडेएकोणीस अंशांच्या दुसऱ्या टोकाला खानखोजेंचं काम याच हिशोबावर उभं होतं.