डॉ. विल्यम कोली

मानवी शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या पेशी त्यांची जागा घेतात आणि हा व्यवहार ठरलेल्या मर्यादेत चालतो. परंतु काही पेशी मर्यादा सोडून बेसुमार वाढू लागल्या, म्हणजे त्यांची घातक गाठ होते. यालाच कर्करोग म्हणतात. शरीराचे स्वतःचे बळ जागे करून या रोगाशी झुंजता येईल का, हे शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डॉ. विल्यम कोली यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म 1862 साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. 1888 मध्ये हार्वर्ड येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते न्यूयॉर्कमध्ये शस्त्रवैद्य म्हणून काम करू लागले. 1890 साली सतरा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या हाताला घातक गाठ झाली होती. कोली यांनी तिचा हात कोपराखाली कापून टाकला. तथापि रोग अंगभर पसरला आणि काही महिन्यांतच, 1891 च्या जानेवारीत, ती मरण पावली. या मृत्यूने तरुण डॉक्टरांचे मन व्यथित झाले. शस्त्राहून निराळा काही उपाय असेल काय, या विचाराने ते रुग्णालयातील जुनी टिपणे चाळू लागले.

त्यांत त्यांना एक विलक्षण हकिकत आढळली. एका मजुराच्या मानेवरील गाठ अनेकदा कापूनही पुन्हा वाढत होती. पुढे त्याला धावरे हा त्वचेचा जंतुजन्य रोग झाला, जोराचा ताप आला आणि आश्चर्य असे, की ती गाठ विरघळून नाहीशी झाली! कोली यांनी गरीब वस्तीतील घरे पालथी घालून त्या मनुष्याला शोधून काढले. सात वर्षे लोटली होती, तरी तो धडधाकट होता.

मग 1891 साली कोली यांनी एका मरणोन्मुख रुग्णाला धाव्र्‍याचे जिवंत जंतू टोचले. त्याला कडक ताप आला, गाठ ओसरली आणि तो पुढे आठ वर्षे जगला. परंतु हा मार्ग धोक्याचा होता. पुढील प्रयोगांत दोन रुग्ण जंतूंच्या बाधेनेच दगावले. म्हणून कोली यांनी मेलेल्या जंतूंचे मिश्रण तयार केले. 1893 मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी ते दिले. तो बरा झाला आणि पुढे सव्वीस वर्षे जगला.

असे असूनही अनेक डॉक्टरांचा या उपायावर विश्वास बसेना. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. काही रुग्णांना गुण येई, कित्येकांना येत नसे. आणि असे का होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. याच सुमारास क्ष-किरणांचा नवा उपचार आला आणि कोली यांची पद्धत मागे पडत गेली. तरीही ते चिकाटीने काम करीत राहिले. 1936 साली त्यांचे निधन झाले.

त्यांची कन्या हेलन हिने वडिलांची टिपणे परिश्रमपूर्वक अभ्यासली आणि 1953 साली न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधनाची संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला. कोली यांना न सुटलेले कोडे पुढील संशोधकांनी हळूहळू उलगडले. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांप्रमाणे शरीरभर फिरतात व बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. या पेशींना आवर घालणारा एक लगामही शरीरात असतो. धूर्त गाठ तोच लगाम खेचून पहारेकऱ्यांना थोपवून धरते. हा लगाम सैल करण्याची युक्ती दाखविल्याबद्दल 2018 साली जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होन्जो या शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्षयाला प्रतिबंध म्हणून लहान मुलांना टोचली जाणारी बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगावरही वापरतात. तीही शरीराचे हेच बळ जागे करते.

कोली यांचा उपाय अपुरा होता, पण त्यांची दिशा अचूक होती. एका मुलीचा मृत्यू पाहून ते हताश होऊन बसले नाहीत. जुन्या कागदांतील लहानशा नोंदीकडे त्यांनी लक्ष दिले, म्हणूनच पुढील पिढ्यांना नवी वाट सापडली.