बॉयलरच्या कारखान्यातून आली सोनोग्राफी!

इयान डोनाल्ड हे ग्लासगोतले प्रसूतितज्ज्ञ. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असताना त्यांची रडारशी ओळख झाली. १९५५ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत टाकून ते थेट बॉयलरच्या कारखान्यात गेले. धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राने गाठींमधला फरक दाखवला. १९५८ मध्ये त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे लघवीने भरलेल्या मूत्राशयाआडून सहा-सात आठवड्यांचा गर्भही दिसू लागला.

१९७२ मध्ये त्यांचे जुने सहकारी स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १७ व्या आठवड्यात कवटी आणि मेंदू नीट तयार न झालेला गर्भ ओळखला. तो गर्भपात करण्यात आला. डोनाल्ड मात्र गर्भपाताचे कट्टर विरोधक! १९८७ मध्ये ते गेले, तोवर सोनोग्राफी जगभर पोहोचली होती. तिने काय दाखवायचं, हे त्यांच्या हातात उरलं नव्हतं.