वीरचंद राघवजी गांधी : समुद्र ओलांडणारा श्रावक

अलीकडे आपल्या समाजातील चार मंडळी एखाद्या लग्नात वा साखरपुड्यात एकत्र जमली की कोणाचे किती देश झाले, हा विषय हमखास निघतो. सिंगापूर, थायलंड, दुबई तर झालेलेच असतात. युरोपच्या एका सहलीत दहा-बारा दिवसांत सात-आठ देश पदरात पडतात. बरोबर आपला स्वयंपाकी असतो, कंदमुळे वर्ज्य असलेले भोजन मिळते, चौविहार पाळणाऱ्यांची सूर्यास्तापूर्वी सोय होते. व्हॅटिकन हा स्वतंत्र देश धरावा की इटलीतच मोजावा, यावर दोन व्याह्यांमध्ये रंगलेला वाद प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. यात गैर काही नाही. परमेष्ठींच्या कृपेने समाजाला चार पैसे मिळाले, मुले-नातवंडे परदेशी स्थिरावली, तर जग पाहावे.

मात्र आपल्या परंपरेत प्रवासाची मोजणी निराळ्या रीतीने होत आली आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील पहिले गुणव्रत म्हणजे दिग्व्रत. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा आधीच आखून घ्यावयाची आणि तिच्या पलीकडे जावयाचे नाही. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ अशी सीमा मनाशी धरून जुन्या पिढीतील कित्येकांनी सारे आयुष्य काढले. नवागड आणि नेमगिरीची वारी वर्षाला घडली तरी त्यांना समाधान वाटे. साधु-साध्वींचा प्रवास तर पायीच. त्यांच्या बाबतीत आपण देश मोजत नाही, चातुर्मास मोजतो.

अशा समाजातून १८९३ साली एक एकोणतीस वर्षांचा तरुण समुद्र ओलांडून अमेरिकेला गेला. त्याच्या देशांची यादी अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी अशी एका हाताच्या बोटांवर संपते. तरीही त्या प्रवासाचे मोल त्याला फार मोठे द्यावे लागले, आणि ते बहुतांशी आपल्याच माणसांनी वसूल केले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हणूनच वीरचंद राघवजी गांधी यांचे चरित्र प्रथम डोळ्यांसमोर आले.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा या बंदराच्या गावी व्यापारी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण महुवा व भावनगर येथे पूर्ण करून ते मुंबईस आले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. त्या काळी जैन समाजात पदवीधर शोधावे लागत. वयाच्या एकविसाव्या वर्षीच त्यांच्याकडे भारतीय जैन असोसिएशनच्या मानद चिटणीसपदाची जबाबदारी आली. पुढे १८९० साली वडिलांचे निधन झाले तेव्हा रडण्याची व ऊर बडविण्याची चाल त्यांनी घरात होऊ दिली नाही. रूढीशी त्यांचा संघर्ष समुद्रगमनाच्याही आधी असा घरापासूनच सुरू झाला होता.

त्यांचे पहिले मोठे कार्य प्रवासाशीच निगडित आहे, आणि एका व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पालिताणा संस्थानच्या ठाकोरांनी शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर दरडोई दोन रुपये कर बसविला होता. दरडोई कर म्हटला की माणसांची मोजदाद आली, मोजदादीबरोबर अडवणूक आणि अपमानही आला. वीरचंदभाईंनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठेवाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. त्यातून १८८६ साली तडजोड झाली. समाजाने दरसाल एकरकमी १५,००० रुपये द्यावेत आणि यात्रेकरूंची मोजणी बंद व्हावी, असा चाळीस वर्षांचा करार ठरला. हिशेब केला तर १५,००० रुपये म्हणजे दोन रुपये दराने ७,५०० यात्रेकरू. त्याहून जितके अधिक भाविक डोंगर चढतील तितका समाजाचा लाभ. बावीस वर्षांच्या तरुणाने केलेला हा सौदा अनुभवी पेढीवाल्यालाही शोभावा असा होता. १९२६ साली मुदत संपताच वाद पुन्हा उफाळला, यात्रा दोन वर्षे बंद राहिली आणि अखेरीस वर्षाला ६०,००० रुपयांवर समझोता झाला. त्यावरून आधीच्या कराराची किंमत कळते.

त्यानंतर सम्मेदशिखरजींचे प्रकरण आले. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या त्या पहाडावर बॉडम नावाच्या इंग्रज मळेवाल्याने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना काढला होता. खटल्याची कागदपत्रे बंगालीत होती. वीरचंदभाई कलकत्त्यास जाऊन महिनोन्महिने राहिले, बंगाली भाषा शिकले, दस्तऐवज स्वतः वाचले, आणि निकाल समाजाच्या बाजूने लागला. शिखरजी हे श्वेतांबर व दिगंबर दोघांचेही परमपवित्र स्थान असल्याने या एका कार्याबद्दल आपण सर्वच त्यांचे ऋणी आहोत. त्या पहाडाचे पावित्र्य राखण्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. पर्यटनाला वाव देणाऱ्या २०१९ च्या अधिसूचनेतील तरतुदी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्थगित केल्या, त्याआधी देशभर समाज रस्त्यावर उतरला होता, हे वाचकांना आठवत असेल.

मुंबईतील याच काळात मोहनदास करमचंद गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले होते. दोघांची मैत्री जमली आणि कायद्याचा अभ्यास त्यांनी काही काळ एकत्र केला. समुद्र ओलांडल्याबद्दल मोहनदासांना त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीने १८८८ सालीच बहिष्कृत केले होते. म्हणजे परदेशगमनाची शिक्षा काय असते, याचे जिवंत उदाहरण वीरचंदभाईंच्या शेजारीच बसलेले होते. आपल्या महाराष्ट्रातही १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या तेव्हा केवढी टीका झाली, हे सर्वश्रुत आहे.

१८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरणार होती. जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून निमंत्रण आले ते आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांना. आचार्यश्री मूळचे पंजाबचे. पंजाब, राजस्थान, गुजरात असा मुलूख त्यांनी आयुष्यभर पायी तुडविला होता. परंतु साध्वाचाराप्रमाणे जहाजात पाऊल ठेवणे त्यांना अशक्य होते. निमंत्रण नाकारून ते मोकळे होऊ शकले असते. तसे न करता त्यांनी परिषदेसाठी जैन तत्त्वज्ञानाचे प्रश्नोत्तररूप विवेचन सिद्ध केले आणि ते घेऊन जाण्यासाठी वीरचंदभाईंची निवड केली. स्वतः आचाराची रेषा न ओलांडणाऱ्या आचार्यांनी ती रेषा जेथे लागू नव्हती त्या श्रावकाला पुढे पाठविले, हे या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगे स्थळ आहे.

मुंबईहून निघून सुएझच्या कालव्यातून इंग्लंडमार्गे ते अमेरिकेला पोहोचले. आपल्या पिंगळीवरून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. वीरचंदभाई न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा आपल्या गावच्या मंडळींना परभणीलाही बैलगाडीनेच जावे लागत होते. काळाची कल्पना यावी म्हणून हे नमूद केले.

परिषद ११ ते २७ सप्टेंबर १८९३ अशी सतरा दिवस चालली. भारतातून स्वामी विवेकानंद, ब्राह्म समाजाचे प्रतापचंद्र मजुमदार, मुंबईचे बळवंत भाऊ नगरकर आदी मंडळी उपस्थित होती. डोक्यावर काठेवाडी पगडी, अंगात लांब अंगरखा अशा वेषात वीरचंदभाईंनी जैन तत्त्वज्ञान व आचार या विषयांची मांडणी केली. परिषदेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू मंदिरांवर व स्त्रियांवर अशोभनीय टीका केली. वीरचंदभाई तेथे केवळ जैनांचे प्रतिनिधी होते, गप्प राहिले असते तर कोणी दोष दिला नसता. तरीही उठून उत्तर दिले ते त्यांनीच.

परिषद संपली म्हणून ते परतले नाहीत. सुमारे दोन वर्षे अमेरिकेत राहून शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांतून त्यांनी व्याख्याने दिली. पुढील दौरे धरून त्यांच्या व्याख्यानांची संख्या ५३५ सांगितली जाते. आपण देश मोजतो, त्यांच्या चरित्रकारांनी व्याख्याने मोजली. जैन तत्त्वज्ञान, योग, भारतीय समाजस्थिती असे त्यांचे विषय असत. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी तेथे एक संस्थाही उभी केली. आणि हे सारे करताना आहाराचा नियम मोडला नाही. उणे तापमानाच्या त्या थंडीत, शाकाहार ज्या समाजात विरळाच होता तेथे, बरोबर ना स्वयंपाकी ना सहलीचा व्यवस्थापक. विवेकानंदांनी जुनागढच्या दिवाणांना लिहिलेल्या एका पत्रात याच गोष्टीचा आदराने उल्लेख केला आहे.

१८९५ साली ते मुंबईस परतले. ज्या समाजाचे नाव त्यांनी सातासमुद्रापार नेले त्या समाजातील एका गटाने बहिष्काराची मागणी पुढे केली. समुद्रगमन झाले, म्लेंच्छ भूमीत वास झाला, खाण्यापिण्याची शुद्धता कोण सांगणार, असे आक्षेप होते. त्यांना पाठविणारे आचार्य दूर पंजाबात होते आणि त्यांचा पाठिंबा अखेरपर्यंत अढळ राहिला. मुंबईत विराजमान असलेल्या मोहनलालजी महाराजांनी स्नात्रपूजा करण्याचा मार्ग सुचविला. वीरचंदभाईंनी ती पूजा केली. विरोधकांचे समाधान तरीही पूर्णपणे झाले नाही. अपराध कबूल नसताना त्यांनी पूजा का केली, असा प्रश्न आजचा तरुण विचारील. समाजात फूट पडू नये एवढाच हेतू असावा, असे लेखकाचे मत आहे. जिनपूजा करण्यात श्रावकाला कमीपणा कसला?

विरोध करणाऱ्यांनाही आज सरसकट मूर्ख ठरविणे योग्य होणार नाही. दिग्व्रताची मर्यादा, आहारशुद्धी, संघाची शिस्त या गोष्टी त्यांच्या लेखी प्राणाहून मोलाच्या होत्या. परंतु ज्याने आहाराचा कण न् कण सांभाळला त्याच्याकडेच संशयाने पाहिले गेले, हे मात्र दुःखद खरे.

मे १८९६ मध्ये आत्मारामजी महाराजांचे गुजराणवाला येथे देवलोकगमन झाले. त्याच वर्षी वीरचंदभाई दुसऱ्यांदा अमेरिकेला निघाले, आणि या वेळी पत्नी व मुलाला बरोबर घेऊन. बहिष्काराची भाषा ज्यांनी ऐकली त्यांनी पुन्हा सहकुटुंब समुद्र ओलांडावा, यातच त्यांचे उत्तर होते. तेथे असतानाच १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता आली. आपल्याकडे छप्पन्नच्या दुष्काळाची आठवण अधिक सांगतात, पण त्याआधीचा हा दुष्काळही भयंकर होता. सर्वधर्म परिषदेशी संबंधित असलेले चार्ल्स बॉनी यांच्या साहाय्याने वीरचंदभाईंनी मदत समिती स्थापन केली. मक्याने भरलेले एक जहाज आणि सुमारे ४०,००० रुपये भारतात आले. धान्य वाटताना जात वा धर्म विचारला गेला नाही.

यानंतर तिसऱ्या खेपेस ते इंग्लंडला गेले, बॅरिस्टर झाले. परंतु प्रकृती साफ ढासळली होती. १९०१ साली आजारी अवस्थेत ते मुंबईस परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सदतीस वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस कमी होते.

त्यांच्या प्रवासाने उभा केलेला प्रश्न पुढेही मिटला नाही. १९७५ साली मुनी सुशीलकुमारजी विमानाने परदेशी गेले तेव्हा मोठा वाद झाला. १९८० साली आचार्य तुलसी यांनी समण श्रेणीची स्थापना केली. तीत दीक्षित झालेल्यांना धर्मप्रचारासाठी वाहनप्रवासाची मुभा ठेवण्यात आली. साधू आणि श्रावक यांच्यामधली ही पायरी निर्माण व्हावयास शिकागोनंतर ८७ वर्षे लागली. कोणते बरोबर, याबाबत संघांत आजही मतभेद आहेत आणि स्मरणिकेच्या पानांवर त्याचा निवाडा करण्याचा अधिकार एका कापड व्यापाऱ्याला नाही.

भारतीय टपाल खात्याने २००२ साली वीरचंदभाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिकागोजवळ बार्टलेट येथील जैन मंदिराच्या परिसरात त्यांचा पुतळा आहे. अमेरिकेतील आपल्या मुला-मुलींकडे जाणाऱ्या मंडळींनी नायगारा धबधबा जरूर पाहावा, पण शिकागोस मुक्काम पडल्यास अर्धा दिवस काढून बार्टलेटलाही जावे. पुतळ्याच्या डोक्यावर तीच काठेवाडी पगडी आहे.